दमसास

नांदेड जिल्ह्यातील उमरीचे नाव मराठवाड्याच्या इतिहासात कोरले गेले ते ३० जानेवारी १९४८ रोजी. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी त्या दिवशी येथील बँकेवर छापा घालून निजामी राजवटीला हादरा दिला. परंतु ज्यांच्या नावावर एकही पराक्रम जमा नाही अशा माणसांनाही इतिहास असतोच, आणि बौद्धिक दिव्यांगता घेऊन जन्मलेल्या मुलांच्या हृदयाचा व दमसासाचा इतिहास हा त्याच जातीचा आहे.

दप्तरात तो शोधू गेल्यास हाती लागते ती खानेसुमारी. हैदराबाद संस्थानात १८८१ साली पहिली खानेसुमारी झाली. त्या काळच्या खानेसुमारीत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि महारोगी एवढ्याच व्यंगांची दखल घेतली जाई, आणि १९३१ नंतर तीही थांबली. ज्याची समज वयाच्या मागे रेंगाळते, त्याला स्वतःचा रकाना नव्हता. कारकुनाने त्याला वेड्यांत घालावे, नाही तर धडधाकटांत सोडून द्यावे. पुढे व्यंगांची नोंद पुन्हा सुरू झाली, तरी मतिमंदत्व आणि मानसिक आजार हे दोन रकाने जनगणनेत निराळे झाले ते थेट २०११ मध्ये, आणि तेव्हा पहिल्या रकान्यात देशभरातील सुमारे १५ लाख माणसांची नोंद झाली.

दप्तरात जागा नव्हती, तरी घरात होती; ती जागा म्हणजे ओटा. सकाळी आईने न्हाऊ घालावे, डोक्यावर तेल थापावे आणि लेकराला ओट्यावर बसवावे. भाकरी, दूध, खाऊ सारे तिथेच यावे. ‘पळू नको, पडशील’, ‘विहिरीकडे जाऊ नको’ ही वाक्ये दिवसातून दहादा कानी पडावीत. बरोबरीची पोरे तालमीच्या लाल मातीत जोर-बैठका काढीत असता हा मुलगा त्यांच्याकडे पाहत बसे, आणि विशीत पोचेपर्यंत त्याचा देह इतका जड होई की देवळाच्या चार पायऱ्या चढताच त्याला धाप लागे. ती धाप त्याच्या जन्मजात उणिवेचाच एक भाग समजली जाई. मायेच्या हातून घडलेला हा अन्याय होता, आणि मायेच्या हातून घडल्यामुळेच त्याला कोणी अन्याय म्हटले नाही.

धाप जन्मजातच असते ही समजूत केवळ आपलीच नव्हे, सबंध जगाची होती. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टोरांटो विद्यापीठातील संशोधक फ्रँक हेडन यांनी अशा मुलांची शारीरिक क्षमता मोजली, तेव्हा ती इतर मुलांच्या जवळजवळ निम्मीच भरली. मात्र व्यायामाची संधी देताच ती वाढूही लागली. उणीव बुद्धीची असली तरी दमसासाची उणीव बैठेपणाने लादलेली आहे, हा त्यातून निघालेला निष्कर्ष साधा होता, पण ओट्यावर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या बाजूने दिलेला तो पहिला न्यायनिवाडा होता. याच सुमारास, १९६२ मध्ये, युनिस केनेडी श्रायव्हर यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले. आणि त्याच प्रयत्नातून २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर सुमारे एक हजार बौद्धिक दिव्यांग खेळाडू पहिल्या स्पेशल ऑलिंपिकसाठी उतरले.

सर्वच उणीव लादलेली असते असे मात्र नव्हे. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. अनेकदा कप्प्यांमधील पडद्यालाच छिद्र असते. दोष नसला तरी कमाल परिश्रमातही त्यांची नाडी समवयस्कांच्या तुलनेत मिनिटाला साधारण पंचवीस-तीस ठोके मागे राहते, कारण श्रमाची हाक हृदयापर्यंत पोचविणारी स्वायत्त मज्जासंस्थेचा प्रतिसादच सौम्य असतो. म्हणून २२० मधून वय वजा करण्याचा जो हिशेब व्यायामशाळांत रूढ आहे, तो अशा खेळाडूला लावणे चूक. त्या हिशेबाने पाहणारा शिक्षक, शिकस्त करणाऱ्या मुलाला आळशी ठरवून मोकळा होतो. आधी वैद्याने हृदय ऐकावे, मानेचे मणके तपासावेत, आणि मगच शिक्षकाने त्याला धावावयास सांगावे.

या विचाराने किती पल्ला गाठला ते बर्लिन या एकाच शहरात दिसते, आणि त्या शहराशी आपल्या व्यायामपरंपरेचेही नाते आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. त्याच जर्मनीत १९३३ च्या कायद्याने मंदबुद्धी ठरविलेल्या माणसांवर सक्तीची नसबंदी लादली गेली होती, आणि पुढे १९३९ पासून त्यांच्या हत्याही झाल्या. जून २०२३ मध्ये त्याच बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर स्पेशल ऑलिंपिकचे उद्घाटन झाले आणि भारताच्या खेळाडूंनी तेथून २०२ पदके आणली. जिथे अशा माणसाचा जगण्याचाही हक्क नाकारला गेला, तिथे त्याच्या धावण्याला टाळ्या पडाव्यात, याहून मोठा पालट कोणता!

उमरीच्या स्टेशनातून जाणारा निजामकालीन लोहमार्ग सिकंदराबादेस पोचतो, जिथे १९८४ साली बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परंतु दमसास कमावण्यासाठी इतके दूर जावे लागत नाही. वैद्याने मोकळीक दिल्यावर घरापासून स्टेशनापर्यंतची वाट रोज थोडी भरभर चालावी; परतल्यावर आईने मुलाच्या मनगटावर दोन बोटे टेकवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत, चौपट करावेत, आणि तो आकडा वहीत टिपून ठेवावा. ज्या मुलाला खानेसुमारीने रकाना दिला नाही, त्याच्या इतिहासाचे पहिले विश्वसनीय दप्तर ही वहीच होय.