एका दिवसात तीन मॅच: बेसबॉलचा अजब शनिवार

'डबल हेडर' हा शब्द आपल्याला आयपीएलमुळे पाठ झालाय. पण आपल्याकडे दुपारी दोन टीम खेळतात आणि संध्याकाळी वेगळ्या दोन. बेसबॉलमध्ये मात्र तेच दोन संघ, तेच मैदान आणि पाठोपाठ दोन सामने! १८८२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि वूस्टर हे संघ एकाच तिकिटात दोनदा खेळले. पुढे सुट्टीच्या दिवशी मालकांनी आणखी एक शक्कल लढवली. एक सामना सकाळी, दुसरा दुपारी आणि तिकीट दोन्ही वेळा वेगळं. म्हणजे गल्ला डबल!

पण आजची गोष्ट तीन सामन्यांची आहे.

तारीख २ ऑक्टोबर १९२०, शनिवार. गाव पिट्सबर्ग, मैदान फोर्ब्ज फील्ड. सीझन संपत आलेला. सिनसिनाटी रेड्स तिसरे, पिट्सबर्ग पायरेट्स चौथे. तिसऱ्या नंबरला काय एवढं, असं मलाही आधी वाटलं. पण तिसऱ्या संघातल्या खेळाडूंना वर्ल्ड सिरीजच्या पैशात वाटा मिळायचा, चौथ्याला शून्य. आदल्या दिवशीची मॅच पावसानं धुतलेली. मग रविवारी खेळा ना! तेच तर जमत नव्हतं. पेनसिल्व्हेनियात रविवारी व्यावसायिक खेळांना कायद्यानं बंदी होती आणि ती १९३० च्या दशकापर्यंत टिकली.

पायरेट्सचे मालक बार्नी ड्रायफस म्हणाले, शनिवारीच तिन्ही उरकू. रेड्स कशाला तयार होतील? शेवटी नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनी ड्रायफस यांच्या बाजूनं कौल दिला.

दुपारी बाराला खेळ सुरू झाला. पायरेट्सना तिन्ही जिंकणं भाग होतं आणि पहिलीच मॅच रेड्सनी १३-४ नं मारली. विषय संपला! तरी उरलेल्या दोन खेळल्याच. दुसरी रेड्सनी ७-३ अशी घेतली. तिसरीत पायरेट्स ६-० नं पुढे असताना, सहा इनिंगनंतर अंधारामुळे खेळ थांबवला. मेजर लीगमध्ये फ्लडलाइटखालची पहिली मॅच व्हायला १९३५ उजाडायचं होतं.

याआधी १८९० आणि १८९६ मध्येही एका दिवसात तीन सामने झाले होते. १९२० नंतर मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच नाही.

मला यात एक गोष्ट टोचते. त्याच आठवड्यात शिकागोत १९१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या फिक्सिंगची कबुली बाहेर येत होती. ती सिरीज जिंकणारा संघ हाच, रेड्स! तिकडे पैशासाठी काही खेळाडू मुद्दाम हरले होते. इकडे पैशासाठीच दोन संघ एका दिवसात चोवीस इनिंग खेळले, पण सरळ आणि सगळ्यांसमोर. पैसा दोन्हीकडे होता. फरक कशात होता, ते तुम्हीच ठरवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!