माणिक चौकातील प्रजाजन आणि नागरिक

झाशीच्या किल्ल्याखाली जे जुने शहर पसरले आहे, त्याच्या गजबजलेल्या पेठेत माणिक चौक आहे. तेथील लोक आपल्या हिंदी बोलीत त्यास मानिक चौक म्हणतात. महाराणी लक्ष्मीबाई किल्ला सोडून ज्या वाड्यात राहावयास आल्या, तो राणीमहाल याच परिसरात उभा आहे. मराठी माणसाच्या मनात झाशी म्हटली, की तलवार आणि घोडा उभा राहतो. आज मात्र मी आपणांस तलवारीची नव्हे, कागदाची कथा सांगणार आहे. माणूस कोठला आणि कोणाचा, हे ठरवावयाचे कोणी आणि कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न या शहरात फार पूर्वीच उभा राहिला होता.

छत्रसालाने बाजीराव पेशव्यास आपल्या राज्याचा हिस्सा दिला आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. १७४२ साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले; त्यांनी किल्ला वाढविला, शहर वसविले. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली. त्यांच्याबरोबर कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी मराठी घराणी येथे आली आणि घरात मराठी व बाजारात बुंदेली बोलत पिढ्यान् पिढ्या राहिली.

अशा एखाद्या घरातील, १८४५ साली जन्मलेल्या मनुष्याची क्षणभर कल्पना करावी. जन्मतः तो राजा गंगाधररावांचा प्रजाजन. १८५४ साली झाशी खालसा झाली, तेव्हा तो कंपनी सरकारचा झाला. १८५७ च्या जूनमध्ये राणीचा अंमल पुन्हा सुरू झाला. १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोजने शहर घेतले आणि त्याच वर्षी कंपनी जाऊन विलायतेच्या राणीचे राज्य आले. १८६१ साली इंग्रजांनी झाशी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांस दिले. १८८६ साली ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांस परत देऊन त्या मोबदल्यात ते माघारी घेतले. म्हणजे चाळिशी ओलांडीपर्यंत या मनुष्याने आपला उंबरठा सोडला नाही, तरी त्याचे धनी सहा वेळा बदलले. १८७० साली त्याला मुलगा झाला असेल, तर तो मुलगा शिंदेशाहीतला. आणि संस्थानी प्रजा ही कायद्याच्या पुढील परिभाषेत ब्रिटिश प्रजा नव्हे, केवळ ‘संरक्षित’. एकाच घरात, एकाच माजघरात जन्मलेल्या बापलेकांचे कायद्याच्या दृष्टीने निरनिराळे ठिकाण! यांपैकी एकदाही त्यांस कोणी विचारले नाही. प्रजाजन हा भूमीबरोबर हस्तांतरित होणारा माणूस होता.

याच शहरात एका पाच वर्षांच्या मुलाच्या हक्काचा प्रश्न कागदावर लढविला गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी आजारी गंगाधररावांनी वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव यास यथाशास्त्र दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन हे इंग्रज अधिकारी समक्ष हजर होते. दत्तविधानाचे पत्र महाराजांनी एलिसच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी महाराज निवर्तले. विधी झाला होता, साक्षी होते, लेख होता. पुराव्यास आणखी काय हवे?

तरी तो पुरावा अपुरा ठरविण्यात आला. राणीने १८५४ च्या फेब्रुवारीत जो खलिता पाठविला, त्यात १८१७ च्या तहातील शब्दांचा बारकाईने अर्थ लावला आहे. तहात ‘वारसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन शब्द आहेत. पहिला रक्ताच्या वारसाविषयी असेल, तर दुसरा शब्द दत्तकासारख्या उत्तराधिकाऱ्यास उद्देशूनच घातला असला पाहिजे, असा तो युक्तिवाद. दतिया, ओर्छा या शेजारच्या संस्थानांत दत्तक मान्य झाल्याचे दाखलेही तिने दिले. जॉन लँग या वकिलास बोलावून सल्ला घेतला. परंतु डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात निकाल दिला, की झाशी हे पेशव्यांच्या सुभेदाराचे आश्रित संस्थान. येथे सरकारच्या संमतीविना दत्तक राज्याचा वारस होऊ शकत नाही. गंमत अशी, की खाजगी मालमत्तेपुरता तोच दत्तक मान्य झाला. दामोदरराव एका कागदावर पुत्र होता आणि दुसऱ्या कागदावर नव्हता.

१८५८ नंतर हा मुलगा काही इमानी माणसांबरोबर रानोमाळ हिंडला, पुढे इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेन्शनीवर इंदुरास राहून १९०६ साली वारला. १८६२ साली कॅनिंगने संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा त्यांचा त्यास काही उपयोग उरला नव्हता. त्याच्या वंशजांनी मात्र ‘झाशीवाले’ हे आडनाव धरिले. सरकारने जे लिहून दिले नाही, ते त्या घराण्याने आपल्या नावातच लिहून ठेविले.

आता आपण स्वतंत्र भारताकडे येऊ. १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटनासमितीत नागरिकत्वाची कलमे चर्चेस आली, तेव्हा मसुदा समितीला या कलमाइतका ताप क्वचितच दुसऱ्या कलमाने दिला असेल, अशी कबुली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिली. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा आक्षेप होता, की नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळू लागले, तर ते फार स्वस्त होईल. दोघेही मराठी, दोघेही कायद्याचे पंडित. वाद मोठा मूलगामी होता. सभेने दार रुंद ठेविले. पाचव्या कलमाप्रमाणे ज्याचे अधिवास भारतात आहे आणि जो येथे जन्मला, वा ज्याच्या मातापित्यांपैकी एक येथे जन्मले, वा जो घटनेच्या आरंभापूर्वी निदान पाच वर्षे येथे राहिला, तो नागरिक. माणिक चौकातील मनुष्य कोणाच्या अमलात जन्मला होता, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. प्रजाजन संपला आणि नागरिक सुरू झाला.

त्यानंतर १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून मातापित्यांपैकी एकाचे नागरिकत्व आवश्यक झाले. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. याचा व्यवहारातील अर्थ ध्यानात घ्यावा: आजोबांस आपला जन्म दाखविला की पुरे, नातवास आपल्या जन्माबरोबर आईबापांचाही कागद दाखवावा लागतो.

आणि येथेच अडचण येते. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्यापूर्वी सुइणीच्या हातून घरात जन्मलेल्या कित्येकांची जन्मतारीख पत्रिकेत किंवा शाळेच्या दाखल्यावर असते, आणि शाळेत ती पुष्कळदा गुरुजींनीच अंदाजाने घातलेली असते. शिवाय मराठी घरातील सून हिंदी मुलखातील दप्तरात गेली, की माहेरचे नाव, सासरचे नाव आणि लिपिकाच्या कानाला ऐकू आलेले नाव अशी तीन माणसे तयार होतात. आधार कार्डावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही जाणावे, की आधारचा कायदाच ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे सांगतो. उलट, जन्माची नोंद राहून गेली असली, तरी विलंबाने ती करून घेण्याची सोय कायद्यात आहे. आणि कोणाच्या नागरिकत्वाविषयी शंकाच उपस्थित झाली, तर १९५५ च्या कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे केंद्र सरकार त्यास प्रमाणपत्र देऊ शकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य आधार झाला आहे.

हक्क आणि हक्काचा पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८५४ साली पुरावा पूर्ण होता आणि हक्क नाकारला गेला, कारण हक्क देणे न देणे सत्तेच्या मर्जीवर होते. आज हक्क घटनेने दिला आहे. पण पुरावा अपुरा पडला, तर हक्क असूनही म्हातारी माणसे कचेरीच्या बाकावर ताटकळत बसतात. म्हणून सरकारी दप्तराने ध्यानात ठेवावे, की कागद माणसासाठी आहे. आणि आपणही घरातील पेटी उघडून वडील मंडळींचे दाखले एकदा पाहावेत, नावातील फरक वेळीच दुरुस्त करून घ्यावेत. माणिक चौकातील त्या मनुष्याला त्याचे मत कोणी विचारले नव्हते. त्याच्या पणतवंडास निवडणुकीच्या दिवशी ते विचारले जाते. आणि ते देण्यापूर्वी त्याचे नाव यादीत बिनचूक लिहिलेले असले पाहिजे.