हर्ण्याची आगबोट आणि मुंबईची गिरणी

हर्णे म्हटले की सुशिक्षित वाचकांस सुवर्णदुर्ग आठवतो, आंग्र्यांचे आरमार आठवते आणि १७५५ साली इंग्रजांनी तो किल्ला घेतला ही गोष्टही आठवते. परंतु पुढे याच किनाऱ्यावरून पडावात बसून, खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीकडे जी हजारो माणसे गेली, त्यांच्या इतिहासाविषयी आम्हां लेखणीवाल्यांनी फारशी आस्था दाखविली नाही.

ही माणसे हौसेने गेली नाहीत. जमीन कातळाची, तीही खोताच्या ताब्यातली. पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या घरी पोचवावयाचा आणि वर वेठ करावयाची. मग मुंबईच्या पगारावाचून चूल पेटावी कशी? महारांस पूर्वी लष्कराचा एक मार्ग होता. हर्ण्यानजीकच्या दापोलीच्या कँपात पेन्शनर शिपायांची वस्तीच होती. त्यांपैकी गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. पुढे सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली त्यांनी अर्ज लिहिला. लष्कराचे दार त्या वेळी उघडले नाही. राहिली ती गिरणी.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या पावणेबारा लक्ष वस्तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लक्षांहून अधिक होते. गावच्या दहा-पंधरा बाप्यांनी मिळून एक खोली घ्यावी, पाळीपाळीने निजावे, खाणावळीत जेवावे, आणि नव्या पोराला मुकादमाच्या पायाशी नेऊन कामास लावावे, अशी ही व्यवस्था. आजारात, संपात, मर्तिकात तिने माणसाला तारले, हे आम्ही आदराने नमूद करतो. तथापि ती खोली गावाची तशीच जातीचीही असे. एकाच आगबोटीने आलेला कुणबी आणि महार धक्क्यावर उतरताच वेगळ्या वाटेने चालू लागत.

गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार अधिक. पण धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्याच धोट्याला आपले ओठ कसे लावावे, या विटाळाच्या कल्पनेने महारांस त्या खात्याचे दार बंद ठेवण्यात आले. यंत्र विलायतेचे, वाफ कोळशाची, आणि नियम मात्र गावच्या पाणवठ्याचा! हा नियम चालविणारे बहुधा मालक नव्हते, शेजारच्या सांच्यावरचे कामकरी होते, ही गोष्ट कामगारऐक्याची भाषणे करणाऱ्यांस अडचणीची वाटली असल्यास नवल नाही.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत जो प्रचंड संप झाला, त्यात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढे मांडला: सर्व खाती सर्वांस खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला. पुढाऱ्यांनी ती घातली, पण मन लावून नव्हे. विणकाम खात्याचे दार त्यानंतरही अनेक वर्षे पुरते उघडले नाही. आमच्या मते त्या संपातील ऐक्य खरे होते, पण ते पगारापुरते होते.

याहून खोल ऐक्य घडले ते गिरणीत नव्हे, मागे टाकलेल्या शेतावर. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणास आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद भरली. १९३७ साली त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे बिल आणले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कुणबी, आगरी, महार एकत्र चालले. खोताला द्यावयाच्या वाट्यात विटाळ शोधणे कोणालाच परवडत नव्हते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगार तंट्यांच्या बिलाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले.

खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. मुंबईची वाट मात्र बंद झाली नाही. २०११ च्या शिरगणतीतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या.