ग्राफिक्स कार्डाची गोष्ट: थाई अक्षरापासून वाशिंदच्या छोट्या कॅबिनेटपर्यंत

ग्राफिक्स कार्ड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गेमिंग, रंगीत लाइट लावलेलं काचेचं कॅबिनेट आणि किंमत ऐकल्यावर घरच्यांचा चेहरा. बरोबर ना? पण या कार्डाच्या इतिहासात सुरुवातीलाच अशी माणसं भेटतात, ज्यांना गेम खेळायचा नव्हता. त्यांना स्क्रीनवर आपल्या लिपीतलं अक्षर बघायचं होतं. त्यातली काही तर आपल्या पुण्यात काम करत होती.

मी वाशिंदचा. कसारा लाइनवर खडवली आणि आसनगावच्या मधलं आमचं स्टेशन. इथल्या बऱ्याच पोरांकडे आता लहान आकाराचे डेस्कटॉप आहेत, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: यात कार्ड कुठलं बसेल? त्याचं उत्तर आज देणारच आहे. पण आधी हे कार्ड बसवायला कॅबिनेटमध्ये जागा आली कुठून, ते बघू.

१९८१: पाच रिकाम्या जागा

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या मदरबोर्डवर पाच स्लॉट होते. आणि गंमत अशी, की स्क्रीनवर काही दिसण्याची सोयच मदरबोर्डवर नव्हती. त्यासाठी एक कार्ड वेगळं घ्यावंच लागायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पीसीला डिस्प्ले कार्ड लागत होतं.

तेव्हा आयबीएमची दोन कार्डं मिळायची. एक मोनोक्रोम. त्यावर फक्त अक्षरं दिसायची, एका ओळीत ८०, अशा २५ ओळी. चित्र अजिबात नाही. दुसरं रंगीत, सीजीए. त्याची मेमरी १६ किलोबाइट. ३२० बाय २०० ठिपक्यांच्या चित्रात एका वेळी चार रंग. आज तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवता तो एक साधा फोटोसुद्धा त्या मेमरीत मावणार नाही.

पण आयबीएमने आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासाला वळण तिथे लागलं. त्यांनी मशीनचं टेक्निकल मॅन्युअल छापून विकलं. आत सर्किटच्या आकृत्या होत्या, स्लॉटच्या कुठल्या पिनवर काय येतं ते सगळं होतं. म्हणजे बाहेरचा कोणीही त्या स्लॉटसाठी कार्ड बनवू शकत होता, आणि लोकांनी लगेच बनवायला घेतलं.

थाई लिपी आणि हर्क्युलिस

त्यातला एक होता व्हॅन सुवन्नुकुल. त्याला पीएचडीचा प्रबंध पीसीवर लिहायचा होता, आणि त्यासाठी थाई लिपी हवी होती. मोनोक्रोम कार्डातली अक्षरं चिपमध्ये कायमची भरलेली, त्यात थाई कुठून येणार? आणि सीजीएचे ठिपके इतके मोठे, की थाईची बारीक वळणं त्यात उमटेनात. मग त्याने स्वतःच कार्ड बनवलं. ७२० बाय ३४८ ठिपके, एकच रंग, पण अक्षर स्वच्छ. १९८२ मध्ये ते हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड या नावाने बाजारात आलं आणि जगभर विकलं गेलं. पुढे कितीतरी ऑफिसांत हिशेबाचे तक्ते आणि आलेख याच कार्डावर दिसायचे.

पुण्याचं जिस्ट कार्ड

थाईचं जे दुखणं, तेच आपल्या देवनागरीचं. इंग्रजीत एक कळ दाबली की एक अक्षर, आणि ते आपल्या चौकटीत गपचूप बसतं. आपलं तसं नाही. 'कि' म्हणताना आधी क येतो, पण वेलांटी क च्या डावीकडे काढायची. 'सूर्य' मधला र वर चढून रफार होतो. 'पुत्र' मध्ये उकार खाली लटकतो आणि त-र मिळून तिसरंच रूप तयार होतं. नऊ बाय चौदा ठिपक्यांच्या चौकटीत, ठरावीक २५६ चिन्हांमध्ये हे सगळं बसवायचं कसं?

आयआयटी कानपूरमध्ये यावर ऐंशीच्या दशकात काम चाललं होतं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि ते काम तिकडे आलं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. सी-डॅक म्हटलं की लोकांना १९९१ चा परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर आठवतो. पण त्याच संस्थेने जिस्ट कार्ड नावाची एक वस्तू बनवली. जिस्ट म्हणजे ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. नावात पहिलाच शब्द ग्राफिक्स!

हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं. मग डॉसवर अक्षरांनी चालणारे जे प्रोग्राम होते, तेच प्रोग्राम मराठी, हिंदी, तमिळ अशा आपल्या लिप्या दाखवायला लागायचे. प्रोग्राम बदलायची गरज नाही. वेलांटी कुठे काढायची, रफार कुठे चढवायचा, ही अक्कल कार्डात होती. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर तो 'अपग्रेड' होता. जुनं मशीन तसंच ठेवून एक कार्ड घातलं, की तो कॉम्प्युटर मराठी लिहू लागला.

यासोबत इस्की नावाचं एक मानक ठरलं, १९९१ चं आयएस १३१९४. वेगवेगळ्या भारतीय लिप्यांमधल्या त्याच ध्वनीला एकच क्रमांक, अशी त्याची कल्पना. युनिकोडने देवनागरीचा तक्ता मांडताना इस्कीचीच १९८८ ची मांडणी आधाराला घेतली. म्हणजे तुमच्या मोबाइलमध्ये आज जी देवनागरी आहे, तिच्या क्रमात त्या कामाचा अंश आहे.

मग कार्डाचं काय झालं? विंडोज २००० सोबत युनिकोड देवनागरी थेट सिस्टिममध्ये आली. कार्डातली अक्कल सॉफ्टवेअरमध्ये गेली, आणि स्लॉट रिकामा झाला. वाया मात्र काहीच गेलं नाही.

मग आला गेम

तोपर्यंत दुसरीकडे वेगळीच धावपळ सुरू झाली होती. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड आलं. त्यात ४ एमबी मेमरी. ते फक्त थ्रीडी काढायचं, बाकी सगळ्यासाठी तुमचं जुनं कार्ड राहूच द्यायचं आणि दोघांमध्ये एक केबल जोडायची. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढलं आणि 'जीपीयू' हा शब्द त्याच्या जाहिरातीतून घराघरात गेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००० मध्ये, एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार केला. चार वर्षांत राजा रस्त्यावर!

मुंबईत या सगळ्याचा पत्ता एकच होता, लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटर घ्यायला जाणाऱ्यांपैकी ते किती जण म्हणतात? आमच्याकडून जायचं तर कसाऱ्याहून येणारी लोकल पकडून दादरला उतरायचं, वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड गाठायचं. परत येताना कार्डाचा खोका मांडीवर. कल्याणपर्यंत तो गर्दीपासून सांभाळायचा, म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

स्लॉटही बदलत गेले. सुरुवातीचा तो आयएसए. १९९२ ला पीसीआय, १९९७ ला खास ग्राफिक्ससाठी एजीपी, आणि २००३ ला पीसीआय एक्सप्रेस. दर वेळी स्लॉट बदलला की जुनं कार्ड नव्या मदरबोर्डवर बसेना. पीसीआय एक्सप्रेसपासून ते बरंचसं थांबलं. आज घेतलेलं नवं कार्ड दहा वर्षं जुन्या मदरबोर्डमध्ये सहसा चालतं. छोट्या डेस्कटॉपवाल्यांना जीव आहे तो यामुळेच.

छोटं कॅबिनेट, मोठे प्रश्न

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डचं माप आणलं, ते अजून चालू आहे. २००१ मध्ये व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स आणलं. १७ सेंटीमीटर बाय १७ सेंटीमीटर, आणि कार्डासाठी एकच स्लॉट. तिथून लहान गेमिंग पीसीचा खरा रस्ता सुरू झाला.

पण वाशिंद-शहापूरकडे मी जे लहान डेस्कटॉप बघतो, त्यातले बरेच गेमिंगसाठी जन्मलेले नाहीत. मोठ्या ऑफिसांतून निघालेली, रिफर्बिश्ड म्हणून विकली जाणारी ती बारीक मशीनं आहेत. स्वस्त, मजबूत आणि टेबलावर जागा न खाणारी. त्यात कार्ड घालायचं तर चार गोष्टी बघायच्या.

पहिली, वीज. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याहून जास्त लागलं तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, सहा पिनची म्हणजे आणखी ७५, आठ पिनची म्हणजे १५०. ऑफिसच्या बारीक मशीनमध्ये एसएमपीएस बऱ्याचदा २०० वॉटच्या आसपासचा, आणि ही वायर नसतेच. त्याचा आकार आणि प्लगही कंपनीचा स्वतःचा, त्यामुळे बाजारातला दुसरा सहज बसत नाही. म्हणून अशा मशीनसाठी ७५ वॉटच्या आतलं कार्डच बघायचं. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, २०१९ चं जीटीएक्स १६५०, २०२४ चं आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ही त्या घराण्यातली. पण नीट ऐका: आरटीएक्स ३०५० याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे. ते १३० वॉटचं आहे आणि त्याला वेगळी वायर लागते. नाव तेच, घर वेगळं. १६५० च्याही काही मॉडेलना सहा पिनची वायर असते. खोक्यावरचं नाव वाचून थांबू नका, कार्डाच्या कडेला प्लगची जागा आहे का ते डोळ्यांनी बघा.

दुसरी, माप. बारीक कॅबिनेटला लो-प्रोफाइल कार्ड लागतं. नेहमीची मागची पट्टी १२ सेंटीमीटरची असते, लो-प्रोफाइलची साधारण ८. कार्डासोबत छोटी पट्टी मिळतेय का ते विचारा, सेकंडहँडमध्ये नेमकी तीच हरवलेली असते. आणि कार्डाची जाडी एका स्लॉटची की दोन, तेही मोजा. पट्टी घेऊन मोजा, अंदाजाने नको.

तिसरी, लेन. स्लॉट लांब दिसला म्हणून सगळ्या तारा वापरल्या जातात असं नाही. २०२२ चं आरएक्स ६४०० बघा. फक्त ५३ वॉट, मोहात पाडणारं. पण ते चारच लेन वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ४ च्या बोर्डवर ठीक, पण तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डवर त्याचा वेग काही गेममध्ये चांगलाच कमी होतो.

चौथी, उष्णता. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत माणूस तापतो, तिथे कार्डाचं काय घेऊन बसलात! लहान कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागाच कमी. कार्ड तापलं की ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, आणि आपण म्हणतो, कार्डच खराब निघालं. मशीन भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, जाळीतली धूळ महिन्यातून एकदा काढा. विजेचा लपंडाव असेल तर कार्डाच्या बजेटमधून आधी यूपीएसचे पैसे बाजूला काढा.

सेकंडहँडबद्दलही सांगतो. २०२०-२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डं मिळेनाशी झाली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली, आणि दिवसरात्र राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. त्यातलं प्रत्येक वाईट असतं असं नाही. पण पंखा फिरवून बघा, अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा, मगच पैसे द्या.

हे सगळं कशासाठी?

मला या इतिहासात महत्त्वाचा वाटतो तो स्लॉट. तो उघडा होता म्हणून एका विद्यार्थ्याला आपली लिपी कॉम्प्युटरमध्ये घालता आली. पुण्यातल्या माणसांना नवा कॉम्प्युटर शोधावा लागला नाही, त्यांनी आहे त्या कॉम्प्युटरला मराठी शिकवली. २०१२ मध्ये टोरांटोत अॅलेक्स क्रिझेव्हस्की नावाच्या विद्यार्थ्याने आईवडिलांच्या घरी, आपल्या खोलीत, गेमिंगची दोन जीटीएक्स ५८० कार्डं लावून एक प्रोग्राम पाच-सहा दिवस शिकवत ठेवला. तोच अॅलेक्सनेट. आजच्या एआयच्या लाटेला तिथून जोर आला.

मोबाइलमध्ये असा स्लॉट नसतो. बहुतेक लॅपटॉपमध्येही ग्राफिक्सची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती कमी पडली, की आख्खी वस्तू बदला. डेस्कटॉपमध्ये अजून तरी एकच भाग बदलता येतो. ज्या घरात कॉम्प्युटरचे पैसे बापाच्या ओव्हरटाइममधून किंवा आईच्या भिशीतून येतात, त्या घरात हा फरक लहान नाही. आणि त्याच कार्डावर रात्री गेम खेळणारा पोरगा दिवसा ब्लेंडर शिकू शकतो, व्हिडिओ एडिट करू शकतो. कार्डाला काय, जे सांगाल ते करेल.

तर मंडळी, कॅबिनेट उघडायच्या आधी प्लग काढा, मिनिटभर थांबा, हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावा आणि मग कामाला लागा. तुमच्या मशीनच्या एसएमपीएसवर किती वॉट लिहिलंय ते बघून मला कळवा. पुढच्या भागात कीबोर्डबद्दल बोलू, आपला इनस्क्रिप्ट कुठून आला त्याबद्दल. तोपर्यंत, भेटू!