टॅबवर रोजचे चित्र : काय लागते, काय काढावे आणि ते टिकवावे कसे

आपल्या सीमाभागात ‘डिजिटल’ म्हटले की आधी चौकातला फलक डोळ्यांपुढे येतो. वाढदिवस, यात्रा, निवड, अभिनंदन काहीही असो, ‘डिजिटल लावले’ एवढे म्हटले की सगळ्यांना कळते. या लेखात तो शब्द त्या अर्थाने नाही. टॅबच्या काचेवर पेनने, एकेक रेघ ओढून, हाताने काढलेले चित्र एवढाच इथे त्याचा अर्थ. फोटो उचलून त्याला चित्राचा मुलामा देणे किंवा चार शब्द लिहून यंत्राकडून चित्र करून घेणे हे प्रकार आम्ही मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. त्यात हात चालत नाही आणि डोळाही चालत नाही.

बऱ्याच घरांत टॅब आला तो २०२० च्या टाळेबंदीत, मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी. शाळा पुन्हा भरली आणि टॅब कपाटात गेला, नाहीतर आजींच्या मालिकांसाठी राहिला. त्याच टॅबवर चित्र काढता येते का, त्यासाठी काय विकत घ्यावे लागते आणि काढलेले चित्र पुढे जाते कुठे, याची माहिती एका जागी असावी म्हणून हे टिपण.

बेळगावला चित्रकला नवी नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी बेळगावातच राहून इथल्या मुलांच्या पिढ्या शिकवल्या. त्यांच्या नावाचे कलादालन आज शहरात आहे. रवी परांजपे (१९३५-२०२२) यांचा जन्म बेळगावचा आणि ते के. बीं.चेच विद्यार्थी. पुढे मुंबई, नैरोबी, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. बोधचित्रे आणि इमारतींची दृश्यचित्रे यांत त्यांनी देशभर नाव मिळवले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘ब्रश मायलेज’. गाडीने किती मैल कापले ते जसे मोजतात, तसे ब्रशने किती कापले ते मोजायचे. टॅबचा खरा उपयोग आम्हाला इथेच दिसतो. कागद, रंग, पाण्याची वाटी, पुसायचे फडके यांची मांडामांड न करता, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतही हात चार रेघा चालू शकतो. जुलैत आपल्याकडे कागद इतका सर्द होतो की जलरंग दुपारपर्यंत वाळत नाही. काचेवर ती अडचण नाही.

हे फक्त मुलांचे किंवा हौशी माणसांचे काम आहे असे वाटत असेल तर इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी पाहावेत. त्यांचा जन्म १९३७ चा. २००९ मध्ये ते आयफोनवर बोटाने चित्रे काढू लागले आणि सकाळी खिडकीतल्या फुलांचे चित्र काढून मित्रांना पाठवू लागले. पुढच्या वर्षी आयपॅड आला, तोही त्यांनी घेतला. २०११ मध्ये यॉर्कशायरमधल्या एकाच रस्त्यावर वसंत कसा उतरतो ते त्यांनी टॅबवर टिपले. त्यातली ५१ चित्रे मोठ्या आकारात छापून २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. विषय काय, तर झाडे, ओला रस्ता, चिखल. आणि रोज चित्र काढायला टॅबच हवा असेही नाही. लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६-२०११) तरुणपणी रोजनिशी लिहीत त्या चित्रांच्याच. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या त्यांच्या रोजनिशा पुढे पुस्तकरूपाने आल्या. गोव्याच्या त्या काळच्या घरांचे, लग्नांचे, पाद्री-भाटकारांचे जे दर्शन त्यांत घडते ते दुसरीकडे शोधून सापडायचे नाही.

सामान

घरात जो टॅब आहे त्यावरच सुरुवात करावी. पेन घेताना मात्र नीट पाहावे. दुकानात मिळणारे रबरी टोकाचे स्वस्त पेन म्हणजे बोटाचीच दुसरी आवृत्ती. हात किती दाबला हे त्याला कळत नाही, त्यामुळे रेघ सगळीकडे सारखीच जाड येते. दाब ओळखणारे पेन ठरावीक टॅबवरच चालते. सॅमसंगच्या एस पेनला चित्र काढण्यासाठी चार्जिंग लागत नाही, ॲपल पेन्सिलला लागते. ॲपलच्या पेन्सिलींतही प्रकार आहेत आणि प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालत नाही. म्हणून टॅबचा नेमका मॉडेल क्रमांक लिहून घेऊनच दुकानात जावे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने आणलेले महागडे पेन आपल्या टॅबवर मुके निघते, असे व्हायला नको.

ॲपपैकी प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालते आणि एकदाच पैसे द्यावे लागतात. अँड्रॉइडवर आयबिस पेंट आणि स्केचबुक यांपासून सुरुवात करता येते. क्रिटा पूर्ण मोफत आहे, पण छोट्या पडद्यावर त्याची दाटी होते. सगळ्यांत एक सोय समान आहे, ती म्हणजे थर. काचेवर काच ठेवावी तसे हे थर असतात. खालच्यावर कच्चे रेखाटन, त्यावर पक्की रेघ, त्याखाली रंग. एक पुसला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही.

हात थरथरणाऱ्या ज्येष्ठांसाठी रेघ सावरून धरणारी सेटिंग असते, ती जरूर लावावी. पण मुलांनी ती पूर्ण चढवून ठेवू नये. त्या रेघेत मग माणूस उरत नाही, साबणाच्या वेष्टनावरची रेघ होते.

रंगांबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकला शिकायला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि रंगकाम सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. बेळगावातले सायकलचे दुकान, नांगर, किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे. आज टॅबवर चित्राच्या वर काळ्या रंगाचा एक थर टाकून त्याची पद्धत ‘कलर’ केली की चित्र क्षणात करडे दिसते आणि उजेड-सावली बरोबर आहे की नाही ते रंगाशिवाय कळते. रंग नीट न ओळखणाऱ्यांना याचा आधार होतोच, पण नीट ओळखणाऱ्यांनाही होतो. नवशिक्याचे चित्र बहुतेक वेळा सावलीला घाबरल्यामुळे सपाट झालेले असते, हे या एका थरात उघडे पडते.

काय काढावे

घरापासून सुरुवात करावी. उंबऱ्यावरच्या चपला, शेगडीवरचा तवा, खोबरेल तेलाची बाटली. आठवडाभर तीच बाटली काढली तरी चालेल. कुंद्याचा डबा काढायला सोपा, कुंदा काढायला अवघड. त्याचा तपकिरी रंग आणि तुपाची चकाकी जमली तर हात बसला म्हणायचे.

रांगोळी हा टॅबला साजेसा विषय आहे, पण त्यात एक खोच आहे. १५ ते ८ ची ठिपक्यांची रांगोळी म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके आणि वर-खाली एकेक कमी होत ८ पर्यंत. हे ठिपके चौकटीत बसत नाहीत, त्रिकोणांत बसतात. त्यामुळे ॲपमधली साधी चौकोनी जाळी उपयोगाची नाही. ‘आयसोमेट्रिक’ नावाची जाळी घ्यावी आणि चित्र आडवे फिरवावे, म्हणजे ठिपक्यांच्या ओळी नेमक्या जुळतात. एक भाग काढला की बाकीचे आपोआप काढून देणारी सोयही असते. मात्र काही ॲपांत ती आठ भागांची असते, आणि १५ ते ८ ला सहाच लागतात. आजीला विचारले तर ती हे आकडे न मोजता सांगेल.

घराबाहेर पडले की विषय संपत नाहीत. शहापूर-वडगावची कौलारू घरे, त्यांचे कट्टे, दारावरच्या गणेशपट्ट्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची बोटे. ही बोटे काढायची तर आधी त्यांना विचारावे, आणि झाल्यावर चित्र त्यांना दाखवावे. किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची आहे. तिच्या छतातले दगडी कमळ उताणे होऊन पाहत काढावे असे आहे. किल्ला आणि कॅम्पचा बराच भाग लष्कराकडे असल्याने जिथे फोटोला मनाई आहे तिथे टॅबही पिशवीतच ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात काच दिसत नाही आणि टॅब तापून मंद होतो. पावसाचे चार थेंब काचेवर पडले की तो त्यांनाच बोट समजतो. म्हणून सकाळची वेळ आणि कुणाची तरी पडवी हे उत्तम.

घरे काढण्याची आम्हाला विशेष घाई वाटते. रस्तारुंदीत किंवा वाटण्यांत कौलारू घर गेले की त्या जागी तीन मजली इमारत उभी राहते आणि दोन वर्षांत शेजाऱ्यालाही सोपा कुठे होता ते आठवत नाही. फोटो असतो, पण फोटोत समोरची गाडी, विजेच्या तारा आणि पाण्याची टाकी येते. चित्र काढणारा तारा वगळतो, चौकटीचे कोरीवकाम मोठे करून बाजूला काढतो, दाराशी माणूस उभा करून उंचीचा अंदाज देतो. वेगळ्या थरावर गल्लीचे नाव, तारीख आणि घरातल्यांनी सांगितलेली माहिती लिहावी. तो थर लपवला की चित्र, उघडला की नोंद.

अक्षर

तीच गोष्ट पाट्यांची. पेंटरने ब्रशने रंगवलेल्या दुकानांच्या मराठी पाट्या आधी फ्लेक्सने घालवल्या. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या कायद्यातील दुरुस्तीने पाटीवर ६० टक्के कानडी सक्तीचे झाले, त्यानंतर उरलेल्या जुन्या पाट्याही उतरू लागल्या. त्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे इतरत्र पुष्कळ होते. इथे मुद्दा एवढाच की पाटी उतरते तेव्हा तिच्यावरचे अक्षरही जाते, आणि ते अक्षर एखाद्या माणसाच्या हाताचे असते. पाटीचा फोटो खालच्या थरावर ठेवून वर अक्षर गिरवावे. इथे गिरवणे आम्हाला मान्य आहे, कारण गिरवताना पेंटरचा हात कुठून निघाला, काना कुठे जाड झाला, जोडाक्षराची अडचण त्याने कशी सोडवली ते समजते. चपट्या टोकाचा ब्रश घेऊन त्याचा कोन बदलत राहावे, पाटीवरची जाडी-बारीकी जुळेपर्यंत.

टंकलेल्या अक्षरांबाबत सावध राहावे. चित्रांच्या काही ॲपांत देवनागरी मोडते. ‘र्‍य’ सुटा पडतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. बऱ्याच फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ त्यांत नसतो. ज्या गावात मराठी पाटीसाठी इतके झगडावे लागते, तिथे आपल्याच निमंत्रणावर ‘श’ परका असू नये. मुक्त फॉन्ट शोधता येतील, पण शीर्षकाच्या दहा-बारा अक्षरांसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे ती हाताने काढणे. लग्नाची पत्रिका करताना मजकूर वेगळ्या थरावर ठेवला तर त्याच चित्रावर सोयऱ्यांसाठी कानडी पत्रिकाही होते. पुष्कळ घरांना दोन्ही लागतात.

छापणे आणि ठेवणे

आकार आधी ठरवावा, कारण लहान काढलेले चित्र नंतर मोठे केले की फुटते. ए-४ कागदावर चांगले छापायचे तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल हवेत, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. आकार वाढला की जुना टॅब थर कमी देतो, तेव्हा ए-३ च्या मागे सुरुवातीलाच लागू नये. चौकातल्या फलकाचे गणित वेगळे. तो लांबून पाहायचा असतो, इंचाला ७२ पुरतात. दहा फूट रुंदीला ८६४० पिक्सेल झाले.

पडद्यावर झळाळणारा हिरवा, निळा, गुलाबी कागदावर मलूल येतो, कारण पडदा उजेड देतो आणि शाई तो शोषते. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून काढलेली चित्रे छापल्यावर काळवंडतात. उजेड निम्मा ठेवावा आणि छापखान्यात आधी एक लहान नमुना काढून पाहावा. चित्र व्हॉट्सॲपने पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवले की ते आकसते आणि छापखान्याच्या उपयोगाचे राहत नाही.

सगळ्यांत जास्त चित्रे हरवतात ती एका साध्या कारणाने. बऱ्याच ॲपांत चित्र ॲपच्या पोटातच साठते. जागा कमी पडली म्हणून घरातल्या कुणी ॲप काढून टाकले की चित्रेही गेली. म्हणून महिन्यातून एकदा दोन प्रती बाहेर काढाव्यात. एक पीएनजी, कुठेही उघडेल अशी. दुसरी पीएसडी, थर शाबूत ठेवणारी. दोन्ही टॅबबाहेर, पेन ड्राइव्हवर आणि क्लाउडवर ठेवाव्यात. फाइलला तारीख आणि जागा द्यावी, ‘अनटायटल्ड ४७’ नव्हे. आणि घरांची, पाट्यांची चित्रे असतील तर एक प्रत जाड कागदावर छापून मागे पेन्सिलीने गल्लीचे नाव लिहून ठेवावी.