एल्कची शिकार आणि काडतुसाची निवड

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतांत राहणाऱ्या वापिती या थोर हरणास तिकडील लोक एल्क म्हणतात. युरोपांत मात्र हें नांव मूस या निराळ्या व याहूनही मोठ्या प्राण्याचें आहे. पूर्ण वाढलेल्या वापिती नराचें वजन ३०० किलोंच्या वर जातें. खांद्याचें हाड जाड, बरगड्या भक्कम. त्यांमधून गोळी फुप्फुसांपर्यंत पोहोंचली नाहीं, तर जखमी जनावर अरण्यांत दूर निघून जातें आणि तेथें तळमळत मरतें. म्हणून काडतूस कोणतें घ्यावें, हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे; तो शिकाऱ्याच्या कर्तव्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकांत काळ्या दारूचा अंमल होता. तिनें गोळीस फारसा वेग येत नसे. तेव्हां शक्ति हवी तर गोळीच जाड आणि जड करावी लागे. १८८४ सालीं पॉल व्हियेय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि हें गणित पालटलें. १८९५ सालीं विंचेस्टर कंपनीचें ‘.३०-३०’ बाजारांत आलें; १९०६ सालीं अमेरिकी सैन्यानें ‘.३०-०६’ स्वीकारलें. यांतील ३० हा आंकडा इंचाच्या शंभर भागांपैकीं तिसांचा, आणि ०६ हा सालाचा. १९२५ सालच्या ‘.२७० विंचेस्टर’ची १३० ग्रेनची गोळी तर सेकंदास ३,००० फुटांहून अधिक वेगानें जाई.

येथून वाद पेटला. जॅक ओकॉनर हा लेखक हलक्या, वेगवान गोळीचा कैवारी. एल्मर कीथ जाड, जड गोळीचा. दोघेही कसलेले शिकारी. एकालाही खोटें म्हणतां येईना.

खरी मेख निराळीच होती. १९४६ सालीं ब्रिटिश कोलंबियांत जॉन नॉसलर यानें एका मूसवर गोळ्या झाडल्या. काडतूस जोरकस होतें; परंतु गोळ्या वरच्यावर फुटल्या, खोल शिरल्याच नाहींत. तेव्हां त्यानें गोळीच्या आवरणांतच मध्यें आडवा पडदा राखला आणि पुढल्या व मागल्या कप्प्यांत शिसें भरलें. पुढचा भाग पसरून जखम रुंद करी. मागचा अभंग राहून खोल जाई. १९४८ पासून ती गोळी विकली जाऊं लागली.

तात्पर्य, आंकडा ‘.२७०’ असो कीं ‘.३०-०६’, गोळी खोल जाणारी हवी आणि काडतुसाचा धक्का शिकाऱ्याच्या खांद्यास सोसवणारा हवा. धक्क्याच्या भयानें नेम चुकला, तर मोठ्यांतलें मोठें काडतूसही त्या मुक्या जनावराच्या यातना वाढवण्यापलीकडे कांहीं साधीत नाहीं.