चित्र बिघडलेला टीव्ही : दुरुस्ती कुठवर?

टीव्ही जुना झाला म्हणून टाकावा किंवा महागाचा होता म्हणून दुरुस्त करावा, हे दोन्ही निकष कच्चे आहेत. दोष कुठे आहे, हे आधी पाहावे. टीव्हीवर दिसणाऱ्या चित्राचे तीन टप्पे असतात : ते बाहेरून येते, आतल्या बोर्डांवर घडते आणि काचेवर उमटते. पहिल्या टप्प्यातला दोष टीव्हीचा नसतोच. दुसऱ्यातला बहुधा दुरुस्त करावा. तिसऱ्यातला करू नये.

पहिला टप्पा लवकर उरकतो. दूरदर्शनने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद केली. तेव्हापासून बेळगावच्या वडगावात काय किंवा निपाणीत काय, जुना टीव्ही सेट टॉप बॉक्सचा पडदा म्हणूनच चालतो. म्हणून चित्र बिघडले की टीव्हीच्या रिमोटवरचा मेनू उघडावा. मेनू टीव्ही स्वतः काढतो. तो स्वच्छ असेल आणि कार्यक्रमच फुटत असेल, तर बॉक्स, वायर, डिश तपासावी आणि वायर दुसऱ्या सॉकेटला लावून पाहावी. वडगावच्या मंगाई देवीच्या जत्रेच्या सुमारास, आषाढाच्या झडीत, चित्राचे चौकोन होऊन ते अडकते. तो दोष संकेताचा असतो. त्यासाठी टीव्ही पोत्यात घालून दुकानात नेण्यात अर्थ नाही.

खरा विचार दुसऱ्या टप्प्यावर करावा लागतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत सगळे चित्र आक्रसून मधोमध एकच आडवी पांढरी रेघ उरते, तेव्हा घरचे लोक घाबरतात. मेकॅनिक घाबरत नाही. चित्र वरखाली पसरवणारा व्हर्टिकल विभाग बंद पडलेला असतो. कारण बहुधा सुटलेले सोल्डर किंवा एखादी आयसी, म्हणजे किरकोळ काम. कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडले तर शेजारचा स्पीकर आधी हलवावा. त्यातल्या चुंबकाने ते पडतात. मात्र झाकण स्वतः उघडू नये. रंगीत ट्यूबला वीसेक हजार व्होल्टचा दाब लागतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

एलईडी टीव्हीत आवाज येतो पण पडदा काळा, ही नेहमीची तक्रार. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट आकृत्या हलताना दिसल्या तर पॅनेल जिवंत आहे, मागची बॅकलाइट गेली आहे. पट्टीतले दिवे एकामागोमाग जोडलेले असल्याने एक गेला तरी अंधार होतो. तेवढा एकच दिवा बदलून घेणे ही खोटी काटकसर. बाकीचेही तितकेच तापून म्हातारे झालेले असतात. पट्ट्या साऱ्या बदलाव्यात आणि नंतर बॅकलाइट थोडी उतरवून ठेवावी.

दुरुस्ती टिकण्यासाठी बिघाडाचे कारणही काढावे लागते. वडगावात घरोघरी यंत्रमाग होते, बऱ्याच घरांत अजून आहेत. धाग्यांचे तंतू टीव्हीच्या जाळीतून आत जातात, पावसाळी दमट हवेत बोर्डावर चिकटून बसतात आणि वीज नको तिथून झिरपते. अशा वेळी साफसफाई हीच अर्धी दुरुस्ती. लाईट परत येतानाचा झटका पॉवर सप्लायला बाधतो, म्हणून लाईट गेली की प्लगचे बटण बंद करावे. फुगलेला कपॅसिटर नुसता बदलला आणि हे केले नाही, तर तेच दुखणे परत येईल.

तिसऱ्या टप्प्यात मात्र हात आखडता घ्यावा. चित्र बऱ्याच वेळाने आणि फिकट उगवते, तेव्हा ट्यूब थकलेली असते. तिला जास्त दाब देऊन काही दिवस चालवता येते, पण त्यासाठी पैसे मोजू नयेत. पॅनेलवर उभ्या रेघा असतील आणि कडेला हलके दाबल्यावर त्या बदलत असतील, तर काचेला चिकटवलेली पट्टी सुटलेली असते. तो जोड पुन्हा बसवता येतो, पण फार काळ धरत नाही. अर्धा पडदा गेला तर पॅनेलला संकेत पुरवणारा टी-कॉन बोर्ड एकदा तपासून घ्यावा, कारण तो दुसऱ्या टप्प्यातला आहे. काचेला तडा गेला असेल तर विषय संपला.

हिशेब शेवटी येतो. तेवढ्याच मापाच्या नव्या टीव्हीच्या किमतीच्या एक तृतीयांशापलीकडे खर्च सांगितला, तर माझ्या मते नाही म्हणावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने ही मर्यादा आणखी खाली आली आहे. शिवाय अंदाज सांगणाऱ्याने टीव्ही उघडून पाहिलेला असावा. फोनवर सांगितलेला आकडा धरू नये.

आणि टाकायचाच ठरला, तर ट्यूबचा टीव्ही तांब्याच्या आशेने फोडायला देऊ नका. त्या काचेत शिसे असते. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे अख्खाच पोचवा.